मठाच्या दारातलं टेबल

“पण खोटा माणूस ओळखायचा कसा, अप्पा?”

अप्पा एका म्हाताऱ्याच्या पायांवर तांब्यातलं पाणी ओतत होते. त्यांनी मान वर केली नाही.

मुळूकसाहेबांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, या वेळी आवाज चढवून. महानगरपालिकेच्या समाजकल्याण अधिकाऱ्याला एक प्रश्न दोनदा विचारायची सवय नसते.

अप्पांनी म्हाताऱ्याचे पाय पंच्यानं टिपले, त्यांवर कपाळ टेकवलं आणि म्हणाले, “बसा, बाबा.”

“मी तुमच्याशी बोलतोय.”

“ऐकतोय की,” अप्पा म्हणाले. “पुढं या, माय.”

पुढच्या बाईनं दगडावर पाय ठेवला आणि तांब्यातून पुन्हा पाण्याची धार लागली.

हा विरुपाक्ष अप्पांचा मठ. शहरातल्या बंद पडलेल्या सूतगिरणीच्या मागं, पत्र्याच्या ओसरीचा. दुपारी बाराला इथं पंगत बसते आणि नव्वदेक माणसं जेवतात. भाकरी, वरण, भात, एखादी भाजी. मठाची एक जुनी रीत आहे. जेवायला येणाऱ्याचे पाय मठाच्या अप्पांनी स्वतः धुवायचे आणि धुताना वर तोंडाकडं बघायचं नाही. त्यांच्या गुरूंनी हेच केलं, गुरूंच्या गुरूंनीही. असं का, हे विचारलं तर अप्पा म्हणत की आम्हाला असंच दाखवलं, आम्ही असंच करतो.

तीस वर्षांत त्यांना या शहरातले हजारो पाय पाठ झाले होते. तोंडाचं म्हणाल तर रोज जेवणारा माणूस बाजारात समोरून गेला तरी त्यांना ओळख पटायची नाही.

मुळूकांना हे सगळं नाटक वाटलं.

हेमंत मुळूकांना नाटक वाटणार नाही अशी गोष्ट तशी दुर्मीळच होती. घरी चहाला साखर कमी पडली तरी ते डबा उघडून बघत. पण त्यांनाही उगाच नावं ठेवू नयेत. नोकरीच्या सुरुवातीला हा माणूस फार भाबडा होता. एका आंधळ्याला त्यांनी स्वतः खेटे घालून घरकुल मिळवून दिलं होतं आणि दुसऱ्या महिन्यात तो आंधळा भर चौकात मोटारसायकल चालवताना दिसला. वर्तमानपत्रात फोटो आला. सगळं कार्यालय हसलं. ते हसू मुळूकांच्या कानातून गेलं नाही ते नाहीच.

आता महापालिकेनं ठरवलं होतं की शहरात कुणी उपाशी राहू नये. त्यासाठी मठाला धान्य मिळू लागलं, आणि धान्य आलं तसे मुळूकही आले. त्यांना यादी हवी होती. कोण जेवतो, कुठला, कागद काय आहे त्याच्याकडं.

“यादी न्हाई,” अप्पा म्हणाले होते.

“निदान नावं?”

“न्हाई विचारली कधी.”

ज्या माणसानं तीस वर्षांत एकाचंही नाव विचारलं नाही, त्याला काहीतरी लपवायचं असणार. मुळूकांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली, आणि त्यांच्या मनातली पाल एकदा चुकचुकायला लागली की थांबत नसे.

रांग पुढं सरकत होती. शेवटी एक बाई राहिली. तिशी-पस्तिशीची असेल. पदर नाकापर्यंत ओढलेला. तिचा डावा पाय चिंध्यांनी बांधलेला होता आणि ती टाच न टेकता चालत होती.

अप्पांनी तिच्या पायाची पट्टी सोडवली. यावेळी त्यांनी तांब्या बाजूला ठेवला आणि लहान पातेल्यातलं, कडुनिंबाचा पाला घालून उकळलेलं कोमट पाणी घेतलं. जखम धुतली. मलम लावलं. धुतलेल्या धोतराची नवी पट्टी बांधली. हे सगळं इतक्या सावकाश की पंगतीत बसलेले लोक वरणाच्या वासानं चुळबुळायला लागले.

मुळूकांनी विटकरीचा भुगा आणि मैदा लावून केलेल्या जखमा पाहिलेल्या होत्या. ते खाली वाकले. वास नाकात शिरला आणि ते झटकन मागं सरले. ही जखम खरीच होती.

जखम खरी, पण बाई खरी कशावरून?

“नाव काय तुमचं?” त्यांनी विचारलं.

बाईनं पदर आणखी ओढला. तिच्या पायाची बोटं दगडावर आवळली गेली. अप्पांचा हात तसाच पट्टीवर थांबला.

“साहेब,” अप्पा म्हणाले, “तिला जेवू द्या.”

ती लंगडत पंगतीच्या टोकाला जाऊन बसली. तेव्हा अप्पांनी मुळूकांना हळू आवाजात सांगितलं, की ही जखम रोज धुतली तरच भरेल, एक दिवस जरी चुकला तरी पू धरतो. दवाखान्यात न्यायचा प्रयत्न झाला होता. केसपेपर काढताना खिडकीतून नाव-पत्ता विचारला आणि बाई रांगेतून निघून गेली. तिथून पुढं अप्पा स्वतःच धुतात. गेले तेरा दिवस. पाय वाचेल असं आता कुठं वाटायला लागलंय.

“नाव सांगायला कोण घाबरतं, अप्पा? ज्यानं काही केलंय तोच.”

“... किंवा ज्याला कुणी काही केलंय तो.”

मुळूकांना असली वाक्यं ऐकायची सवय होती. मठात, आश्रमात, सगळीकडं असलीच वाक्यं मिळतात. त्यांनी सांगून टाकलं की सोमवारी दारात टेबल लागेल. ज्याच्याकडं ओळखीचा कागद आहे तो आत जाईल. खरे गरजू कुठंही जाणार नाहीत, खोटे आपोआप गळतील. आठवडाभरात आयुक्तांकडं अहवाल गेला की हीच पद्धत शहरातल्या सगळ्या निवाऱ्यांना आणि अन्नछत्रांना लागू होईल.

अप्पा हात पुसत म्हणाले, “मांडा.”

एवढंच. वाद नाही, विनवणी नाही. मुळूक गाडीत बसेपर्यंत त्याचाच विचार करत होते. माणूस इतक्या लवकर हो म्हणतो म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय.

सोमवारी टेबल लागलं. त्यावर हिरवं कापड, जाड वही, अंगठ्यासाठी शाईचा डबा, आणि मागं खुर्चीत स्वतः मुळूक. हे काम ते दुसऱ्यावर सोपवणार नव्हते. दुसऱ्यावर विश्वास ठेवायचा तर मग टेबल तरी कशाला मांडायचं?

बासष्ट माणसं आली.

सगळ्यात पहिला एक तुळतुळीत दाढी केलेला गृहस्थ होता. त्यानं प्लास्टिकच्या पाकिटातून तीन-तीन कागद काढून टेबलावर मांडले, एकालाही सुरकुती नाही. मुळूकांना फार बरं वाटलं. माणूस कसा नीटनेटका असावा, असं ते ड्रायव्हरला म्हणालेसुद्धा.

गिरणीच्या भिंतीच्या कोपऱ्यापाशी काही माणसं आली, टेबल बघून थबकली आणि मागं फिरली. त्यांत डावी टाच न टेकणारी ती बाईही होती. मुळूकांनी तिला बघितलं. तिनंही मुळूकांना बघितलं, आणि मग ती लंगडत असतानाही जेवढं धावता येईल तेवढं धावली.

मुळूकांनी वहीत शेवटची रेघ ओढली. “अठ्ठावीस गळाले, अप्पा. एका दिवसात.”

अप्पा पाय धुवायच्या दगडापाशी बसून होते. शेजारी कडुनिंबाच्या पाण्याचं पातेलं होतं. त्यातली वाफ कधीच गेली होती. पट्टीची घडी मांडीवर होती.

तीन वाजले. स्वयंपाकाच्या बायका भांडी घासून निघाल्या. अप्पांसाठी काढून ठेवलेलं ताट झाकलेलंच होतं.

“जेवत नाही तुम्ही?” मुळूकांनी विचारलं.

“शेवटचा जेवला की मी बसतो. रीत हाय.”

“शेवटचा कधीच जेवून गेला.”

“शेवटचा अजून यायचाय.”

मुळूक मनातल्या मनात हसले. उपोषण. म्हणजे आता हे वर्तमानपत्रात देणार. त्यांनी ड्रायव्हरला गाडी काढायला सांगितली. मंगळवारी पेपर चाळून बघितला तर कुठंच काही नव्हतं. मुळूकांना उलट जास्तच संशय आला.

आयुक्तांनी मात्र त्यांची फजिती केली. पहिल्या दिवसाच्या अहवालातलं ‘तिसरा हिस्सा बोगस’ हे वाक्य त्यांनी वाचलं आणि चष्म्यावरून बघत विचारलं, की पळाले म्हणजे बोगसच होते याला आधार काय? मुळूक म्हणाले, खरे असते तर पळाले कशाला असते. आयुक्त म्हणाले, हा तुमचा अंदाज झाला, मला पुरावा आणून द्या, शुक्रवारपर्यंत.

सगळ्या शहराकडं पुरावा मागणाऱ्या माणसाकडं कुणीतरी पुरावा मागितला होता. ते मुळूकांना फार लागलं.

त्यांनी ठरवलं की आता आपणच जायचं. भिकारी होऊन. टेबल उचलायचं, म्हणजे सगळे खोटे पुन्हा येतील. त्यांच्यात बसायचं, त्यांचं बोलणं ऐकायचं. आणि सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे आपण स्वतः. धडधाकट, सरकारी नोकरीतला, बंगल्यात राहणारा माणूस तीन दिवस मठात फुकट जेवला आणि कुणालाही पत्ता लागला नाही, यापेक्षा पक्का पुरावा तो कोणता?

दाढी वाढलेली होतीच, ती तशीच ठेवली. ड्रायव्हरचा जुना सदरा घेतला, कोपरावर फाडला. केसांत माती घातली. गॅरेजमधलं काळं वंगण गालाला आणि मानेला चोळलं. बायको दारात उभी राहून बघत होती. बोलून उपयोग नसतो हे तिला फार वर्षांपूर्वीच कळलं होतं.

बुधवारी दुपारी ते गिरणीच्या मागं रांगेत उभे राहिले. मुळूक अनवाणी होते आणि डांबरावर पाय भाजत होते. रांगेत उभं राहिलं की पुढच्याचा फक्त मानेचा मागचा भाग दिसतो, ही गोष्ट त्यांच्या पहिल्यांदाच लक्षात आली.

त्यांची पाळी आली. त्यांनी दगडावर पाय ठेवला.

पाण्याची धार पडली. अप्पांचा हात घोट्यावरून फिरला, टाचेवरून, बोटांवरून... आणि थांबला.

मुळूकांनी खाली बघितलं. वरून त्यांना अप्पांचं टक्कल आणि त्यावरचे भस्माचे पट्टे तेवढे दिसत होते.

मग अप्पांनी पाय टिपले आणि कपाळ टेकवलं. ते कपाळ मुळूकांच्या पायाला गरम लागलं.

“बसा, बाबा.”

फसला, मुळूकांनी मनात म्हटलं. आनंदानं म्हणावं तसं म्हणता मात्र आलं नाही.

पंगतीत त्यांच्या शेजारी म्हाळप्पा नावाचा म्हातारा होता. पूर्वी यंत्रमागावर काम केलेला, एका कानानं बहिरा, आणि सगळे बहिरे बोलतात तसा मोठ्यानं बोलणारा. त्यानं नव्या माणसाला बघितलं आणि लगेच शहाणपण शिकवायला सुरुवात केली. भाकरी आधी घ्यायची, भात नंतर. वरण दोनदा मागितलं तरी चालतं. आणि दारात टेबल दिसलं तर मागच्या मागं पळायचं.

“तुमी सोमवारी नव्हता म्हणून बरं. एक जण बसला होता, डोळे असले की बघूनच भूक मरावी.”

मुळूकांनी घास गिळला. “तुमच्याकडं कागद नाहीत?” त्यांनी विचारलं.

“हायत की. आधार हाय, रेशनकार्ड हाय.”

“मग दाखवायचे.”

“पोराच्या घरी हायत,” म्हाळप्पा म्हणाला आणि भाकरी वरणात कुस्करायला लागला. “पोरानं हाकललंय मला. कागद आणायचा म्हणजे त्याच्या दारात उभं राहायचं. त्यापेक्षा उपाशी बरा.”

तो हे इतक्या सहज बोलला की मुळूकांना ती पाठ केलेली गोष्ट वाटली. अशा रचलेल्या गोष्टी त्यांनी शेकड्यानं ऐकल्या होत्या. त्यांनी मनात नोंद केली की म्हाळप्पाच्या पोराचा पत्ता काढायचा, तपासायचं.

गुरुवारी ते पुन्हा गेले. त्यांनी मुद्दाम दुसऱ्या लोकांजवळ बसून बघितलं. तिथंही तेच. एकाचे कागद पुरात गेलेले. एकीचे सासरी अडकलेले, आणि सासर म्हणजे जिथून ती जीव मुठीत घेऊन निघाली ते घर. एकाला स्वतःचं गावच आठवत नव्हतं. मुळूकांना वाटलं की यांनी मिळून ठरवलेलं असणार. मग त्यांना वाटलं, की ज्यांना एकमेकांची नावं माहीत नाहीत ते मिळून ठरवतील कधी...?

त्यांनी तो विचार झटकून टाकला. संशय घेणाऱ्याला स्वतःच्या संशयाचा संशय येणं परवडत नाही.

त्यांच्या डोळ्यांना मात्र वेगळीच सवय लागली होती. रांग आली की ते खाली बघत. डावी टाच न टेकणारा पाय बुधवारी दिसला नाही. गुरुवारीही दिसला नाही. पळालेले बाकीचे एक एक करून परत येत होते. ती बाई आली नव्हती.

दगडाशेजारी कडुनिंबाच्या पाण्याचं पातेलं रोज असायचं. आणि अप्पांचं ताट रोज झाकलेलं.

शुक्रवारी म्हाळप्पानं त्यांना कोपरानं ढोसलं. “तो बघा, आला सावकार.”

समोरच्या ओळीत तुळतुळीत दाढीचा तो गृहस्थ बसला होता. तीन कागदवाला. म्हाळप्पानं सांगितलं की याचं स्वतःचं घर आहे, वर दोन खोल्या भाड्यानं दिल्यात. रोज येतो आणि जेवून जातो.

“त्याला टेबलाची भीती नाही वाटली?” मुळूकांनी विचारलं.

म्हाळप्पा मोठ्यानं हसला. पंगतीतले सगळे वळून बघायला लागले. “कागद असणाऱ्याला टेबलाचं काय भ्या? तो सगळ्यात पुढं होता म्हणं त्या दिवशी.”

मुळूकांचा हात ताटातच राहिला.

तो पुढंच होता. हे त्यांच्याशिवाय कुणाला जास्त ठाऊक असणार? त्यांनीच त्याला बसायला खुर्ची दिली होती.

त्यांच्या टेबलानं एकच खोटा होता तो आत घेतला होता आणि अठ्ठावीस जणांना भिंतीपलीकडं हाकललं होतं. मुळूकांना घाम फुटला. वरण गरम होतं म्हणून असेल, असंही त्यांनी स्वतःला सांगून बघितलं. पटलं नाही.

पंगत उठली. माणसं पांगली. अप्पा दगडापाशी पातेलं घेऊन बसले होते. चेहरा उतरलेला, ओठ कोरडे. पाचवा दिवस होता.

मुळूक त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. तीन दिवस हेच वाक्य त्यांनी मनात घोळवलं होतं. ते विजयानं म्हणायचं होतं.

“अप्पा... मी मुळूक.”

“हां.”

“मी तुम्हाला तीन दिवस फसवलं.”

“फसवलं न्हाई,” अप्पा म्हणाले. “टाचेला भेग न्हाई एक पण. करंगळीला बुटाचा घट्टा. मोज्याच्या इलॅस्टिकची खूण घोट्यावर. या शहरात असले पाय अन्नाला येत न्हाईत, साहेब. बुधवारीच कळलं.”

“मग वाढलंत कशाला?”

“तुमी जेवलाव न्हाई का?”

“जेवलो.”

“... मग झालं की.”

मुळूक दगडावर बसले. ज्या दगडावर सगळे पाय ठेवायचे, त्यावरच. त्यांना तेही भान नव्हतं. “आणि तो? भाडं खाणारा? तो खोटा आहे हे तुम्हाला ठाऊक आहे?”

“हाय ठाऊक.”

“त्यालाही वाढता?”

“त्याला आमचं वरण आवडतंय.”

मुळूकांना राग यायला हवा होता. तो आला नाही. त्यांनी पातेल्याकडं बघितलं. पाणी थंड होतं. पाल्याची पानं तळाला गेली होती.

“ती आली नाही,” ते म्हणाले.

“न्हाई.”

“पाच दिवस झाले.”

“हो.”

“तिच्या पायाला... काय झालं होतं?”

अप्पांनी पातेलं बाजूला सरकवलं. मग त्यांनी हाताची दोन बोटं सरळ धरली आणि मुळूकांच्या तळहातावर टेकवली. चुकून निखाऱ्यावर पाय पडला तर डाग वेडावाकडा पडतो, ते म्हणाले. तिच्या टाचेवर दोन सरळ रेघा होत्या, शेजारी शेजारी. उलथनं तापवून टेकवलेलं. एकदा टेकवून भागलं नाही म्हणून पुन्हा. घरातून पळून जाऊ नये म्हणून कुणीतरी बाईच्या टाचा डागतं...

“तुम्हाला हे तिनं सांगितलं?”

“तिनं काय बी सांगितलं न्हाई. मी विचारलं न्हाई.”

मुळूकांना तिची दगडावर आवळली गेलेली बोटं आठवली. नाव काय तुमचं, त्यांनी विचारलं होतं. नाव वहीत गेलं असतं, पत्ता गेला असता, आणि कागदाला धरून कुणीतरी त्या उलथन्याच्या घरी चौकशीला गेलं असतं. सरकारी काम असंच चालतं. ते स्वतः गेले असते. मन लावून गेले असते.

त्यांना ओरडून रडावंसं वाटलं. साहेब माणसाला ते जमत नाही, म्हणून त्यांनी नाक पुसलं. वंगण तोंडभर पसरलं.

“मी शोधतो तिला,” ते उठत म्हणाले. “आत्ता. गाड्या लावतो, सफाई कामगारांना सांगतो, स्टेशन, पूल, बाजार, सगळीकडं माणसं पाठवतो. टेबल राहू द्या, अहवाल राहू द्या, ते मी बघतो. तुम्ही फक्त नाव...”

ते थांबले.

अप्पा त्यांच्याकडं बघत होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा अप्पांनी त्यांच्या तोंडाकडं बघितलं होतं. काळं, घामेजलेलं, दाढीचे खुंट वाढलेलं तोंड. त्यात ओळखण्यासारखं काही नव्हतं.

“बरं, दिसायला कशी होती?” मुळूकांनी हळू विचारलं. “रंग? उंची? कपाळावर गोंदण वगैरे?”

“तोंड न्हाई बघितलं, साहेब. रीत हाय.”

“मी बघितलं, पण पदर होता...” मुळूक घुटमळले. “आणि तिनं मला बघितलंय. टेबलावर मीच होतो. माझं तोंड दिसलं की ती पुन्हा पळेल.”

अप्पांनी मान हलवली.

“मग कसं शोधू मी? एवढ्या मोठ्या शहरात फक्त एक पाय?”

अप्पांनी पातेलं उचललं. थंड पाणी झाडाच्या बुंध्यात ओतलं, आत जाऊन ताजं कोमट पाणी घेऊन आले, मलम आणि पट्टीची घडी वर ठेवली. त्यांनी ते सगळं मुळूकांच्या हातात दिलं.

मुळूक तसेच उभे राहिले. पातेलं त्यांच्या हातात गरम लागत होतं. भिंतीपलीकडं दुपारचं शहर होतं, हजारो माणसं, आणि त्यांच्यात कुठंतरी एक न टेकणारी टाच.

“तिचा एकटीचा पाय कसा सापडेल, अप्पा?”

“न्हाई सापडणार,” अप्पा म्हणाले. “सगळ्यांचेच बघावे लागतील.”